बोदलकश्याची जियाबाई

कलाभवनाच्या मागच्या खोलीत एक बाई रडत होती.

दार अर्धवट उघडं होतं. पाठमोरी, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. रडणं असं, की आधी एक लांब श्वास, मग काहीच नाही... आणि मग नुसते खांदे हलायचे. मी भिंतींवर कार्यक्रमाचे कागद चिकटवायला निघाले होते, हातात खळीचा डबा होता. डबा खाली ठेवला, आत गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"काऊन रडून राहिली वो बाई? कोणी काही बोललं का?"

तिने नुसती मान हलवली. मी माझा रुमाल पुढे केला, कडेला निळी वेल काढलेला, माझ्या हातचा. तिने डोळे टिपले, नाक पुसलं आणि वळली. गालांवर दोन दिवसांची दाढी होती.

"जमलं का?" दाढीवाल्या बाईने विचारलं.

"काय?"

"रडणं. मधचा श्वास जरा लांबला असं वाटून राहिलं मले."

"तुमच्या रडण्यापायी माझी खळ सुकली. रुमाल द्या इकडे."

"नाक पुसलं ना त्याले. धुऊन देतो."

त्याने तो दिला नाही. माणूस कसा आहे ते मला तिथेच कळायला हवं होतं. आमचा घरचा धंदा धानाचा. बाबूजी ढिगातून मूठभर धान घेतात, तळव्यावर अंगठ्याने चोळतात, फुंकर मारतात. कोंडा उडतो, आणि दाणा सबंध आहे की तुटका ते लगेच दिसतं. मीही माणसं तशीच पारखते आणि सहसा फसत नाही. या एका मुठीला मात्र फुंकर मारून मारून माझा दम गेला.

गोंदियात कॉलेज निघालं ते तेव्हा नवंनवंच होतं. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि घनश्यामसरांच्या मते आता आपणही मुंबईच्या तोडीचं काहीतरी करणं भाग होतं. सर नागपूरचे, मराठी शिकवायचे. एका बिडीवाल्या शेटजींनी तेंदूपत्त्याचं जुनं गोदाम कॉलेजला देऊन टाकलं होतं. सरांनी त्यात फळ्यांचा मंच घातला, दारावर 'कलाभवन' अशी पाटी लावली आणि पहिल्याच वर्षी अख्खा हंगाम जाहीर केला: दिवाळीनंतर गायन, मग नृत्य, मग दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य, आणि शेवटी माघात नाटक. गोदामातली पानं गेली, पण त्यांचा खकाणा भिंतींनी सोडला नव्हता. मोठा श्वास घेतला की शिंक. गायनाला आलेल्या बुवांनी आलाप सुरू केला आणि सात शिंकांनी समेवर आले; पुढच्या रांगेने त्यालाही दाद दिली.

शेवटचं नाटक सरांनी स्वतः लिहिलं होतं. त्याचं नाव ते दर आठवड्याला बदलायचे, म्हणून मी सांगत नाही. गोष्ट साधी. गरीब पण मानी तरुण, मालगुजाराची लेक, आणि शेवटच्या अंकात तो तिच्या बापासमोर ताठ उभा राहून म्हणतो, "मी तुमची मुलगी मागायला आलो आहे." पडदा.

दाढीवाली बाई म्हणजे जियालाल कटरे, बोदलकश्याचा, माझ्या एक वर्ष पुढे. दंडारीत गडीच बायांची सोंगं घेतात, आणि हा मिसरूड फुटायच्या आधीपासून घ्यायचा. तिरोड्यापासून आमच्या नागऱ्यापर्यंत दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, त्याची दंडार उभी राहिली नाही असं गाव नव्हतं. लोक त्याला जियाबाईच म्हणायचे. सरांनी त्याला नायिकेसाठीच बोलावलं होतं, आणि ऐनवेळी त्यांची मुंबई जागी झाली.

"बाईचं काम बाईच करेल," ते म्हणाले. "हे कॉलेजचं कलाभवन आहे. मंडई नाही."

मुलींच्या बाकावर आम्ही तिघी होतो. दोघी खाली बघत होत्या. मी हात वर केला. आणि जियालालला, तो कॉलेजात सगळ्यात उंच म्हणून, नायक केलं.

घरी ओसरीवर बाबूजी सुपारी कातरत होते. ऐकताच अडकित्ता थांबला.

"पोवाराची पोरगी मंचावर? परक्या पोट्ट्यासंग? कोन आहे तो?"

"बोदलकश्याचा जियालाल कटरे."

बाबूजींचा चेहरा एकदम सैल झाला. "जियाबाई? मंग पहिले काऊन नाही सांगतलं? मले वाटलं कोणी गडीमानूस आहे का काय."

आतून माय ओरडली, "जियाबाई आहे? तिले म्हण इतवारी जेवाले ये."

अशी मला परवानगी मिळाली. तेव्हा मला वाटलं, फुकटात सौदा झाला.

तालमी सुरू झाल्या आणि कळलं, सौदा महागात पडला आहे. मी मंचावर आले की जियालाल कपाळाला हात लावायचा.

"गुणवंता, बाई अशी नाही चालत. तू शेताचे बांध मोजून राहिली का?"

"मी बाईच आहो."

"असशील. दिसत नाही."

आणि त्याचं काय? 'मी तुमची मुलगी मागायला आलो आहे' हे वाक्य आलं की याची मान खाली जायची, डाव्या पायाचा अंगठा फळीवर रेघ ओढायचा आणि बोटं नसलेल्या पदराशी चाळा करायची. बाप झालेले छोटेलालजी, आमचे कॉलेजचे कारकून, सरांना विचारायचे, "सर, हा मागायला आला आहे की याला बघायला आपण आलो आहोत?"

"लाज वाटते तर मला मागतोस कशाला?" मी एकदा चिडून म्हटलं.

"तुले नाही मागत. मालगुजाराच्या लेकीले मागतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, हळूच, "तुले मागाले हिंमत लागते."

मी दिवसभर ते वाक्य तळव्यावर चोळत राहिले. कोंडा होता की दाणा, समजलं नाही.

दर इतवारी तो गोंदियाहून नागऱ्याला चालत यायचा. म्हणायचं तालमीला, पण यायचा सरळ माझ्या मायच्या रांधणीत. दुसऱ्या कोणत्या परक्या मुलाने आमचा मधला उंबरा ओलांडला असता तर बाबूजींनी कुऱ्हाड शोधली असती. याला ओसरीवर कोणी बसवतच नव्हतं. तो चुलीपाशी मांडी घालून पापड लाटायचा, माय त्याला मामीच्या सुनेची गाऱ्हाणी सांगायची, आणि तो "अगं माय... मंग?" म्हणत योग्य जागी सुस्कारा सोडायचा. मायने पाच वर्षांत मला जे सांगितलं नव्हतं, ते त्याला पाच इतवारांत सांगून टाकलं.

"पाहा पाहा, कसे पातळ लाटते," माय मला म्हणायची. "अन् तुझे? घोंगडं पांघरून निजता येईल एकेकावर."

तो खाली मान घालून हसायचा. लाटण्यावरून एक डोळा वर यायचा, माझ्यापर्यंत पोचायचा, आणि परत पिठात जायचा. घर माणसांनी भरलेलं असायचं, पण आम्हा दोघांवर लक्ष ठेवायला हवं असं एकाच्याही मनात येत नव्हतं. अशा मोकळीकीचं करायचं तरी काय?

नागऱ्याच्या मंडईला देवरीचे पाहुणे आले. मुलगा टेकचंद रहांगडाले. धानाची शेती, वर देवरीच्या रस्त्यावर धावणाऱ्या दोन बसगाड्या. बोलायला बरा, दिसायला बरा, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तेही बरंच पाहिलं. नाव ठेवायला जागा नाही, याचाच मला राग आला. मंडईत दंडार होती म्हणून जियालालही आलेला. मायने त्याला हाताला धरून कवाडामागे उभं केलं.

"तू पाय न बाई एकदा. कसा वाटते पोरगा?"

जियालालने फटीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी हातात पोह्यांचं ताट घेऊन त्याच्या शेजारी उभी, श्वास धरून.

"चांगला आहे, मावशी," तो म्हणाला. "दात सारखे आहेत."

पाहुणे गेल्यावर मी त्याला गोठ्यामागे गाठलं.

"दात? तुले दुसरं काही सुचलं नाही?"

"खोटं कसं बोलू? आहेत ना सारखे."

"देवरीले जाऊ मी मंग? त्याचे दात मोजत बसू?"

"मी कुठं जा म्हटलं..."

"नको जाऊ तरी कुठं म्हटलं?"

त्याच्या बोटांनी तो नसलेला पदर धरला. मी तिथून निघून आले. देवरीकरांचं ठरलं ते असं: माघातल्या नाटकाला सगळे गोंदियाला येतील, मुलगी पुन्हा एकदा बघतील, आणि तिथेच होकार देऊन जातील. म्हणजे ज्या मंचासाठी मी हात वर केला होता, त्याच मंचावरून माझी पाठवणी होणार होती.

पौषात एका इतवारी अवकाळी पाऊस आला. खळ्यावर कापलेल्या धानाचे पुंजने रचलेले, मळणी अर्धीच झालेली. बाबूजी ओरडत धावले, मागून सगळं घर. टपोरे थेंब पडायला लागले, तनशीचा, धानाच्या पेंढ्याचा, ओला वास उठला, आणि मी बघते तर जियालाल दोन-दोन भरली पोती पाठीवर घेऊन मांडवात टाकत होता. लुगड्याच्या निऱ्या सावरणारे तेच हात. मी बघत राहिले आणि भिजत राहिले.

शेवटी त्याने एक रिकामं पोतं घेतलं, त्याचा कोपरा आत दुमडून खोळ केली, आणि आम्ही दोघं त्या एका खोळीखाली मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिलो. कानाशी पाऊस वाजत होता. त्याच्या केसांना धानाचा कोंडा चिकटला होता. मी फुंकर मारली. उडाला नाही, ओला होता.

"गुणवंता... मी तुझ्या बाबूजीले विचारलं."

"काय?"

"गेल्या इतवारी. ते सुपारी कातरून राहिले होते. मी म्हटलं, काकाजी, गुणवंताचं देवरीले नका जमवू. मले द्या."

"मंग? काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, छान म्हटलं जियाबाई, कोणत्या अंकातलं आहे हे?"

"अन् तू?"

"मी म्हटलं... तिसऱ्या."

मी त्या खोळीतून बाहेर निघाले आणि पावसात उभी राहिले, कारण आत राहिले असते तर त्याला मारलं असतं. किंवा दुसरंच काहीतरी केलं असतं. बाबूजी तिकडून येत होते. पावसाने निथळणाऱ्या, पोती वाहून लाल झालेल्या त्या सहा फुटी माणसाला त्यांनी नीट पाहिलं आणि मायला हाक मारली, "अवो, जियाबाईले आत घे चुलीपाशी. सर्दी होईल तिले."

नाटक दुपारी चारला ठेवलं होतं, गावोगावच्या बैलगाड्या दिवस असतानाच परतीला लागाव्यात म्हणून. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या मंचावर पडल्या होत्या आणि त्यांत तेंदूपत्त्याचा खकाणा नाचत होता. तिसऱ्या रांगेत बाबूजी आणि माय, त्यांच्यापुढे टेकचंद आणि देवरीची वडीलमंडळी. मागे बोदलकश्याहून चार रेंग्या, हलक्या बैलगाड्या, भरून माणसं आलेली. ती जियाबाईला बघायला आली होती आणि धोतर नेसलेला जियालाल पाहून त्यांना फसवल्यासारखं झालं होतं.

पहिले दोन अंक पार पडले. दुसऱ्या अंकात मला मूर्च्छा यायची होती आणि त्याने मला सावरायचं होतं. सवयीने त्याचेच गुडघे आधी वाकले. मी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि मगच मूर्च्छित पडले. लोक पोट धरून हसले. विंगेत सर डोळे मिटून उभे होते.

तिसरा अंक आला. छोटेलालजी पगडी घालून खुर्चीत बसले. मी दाराच्या पडद्याआड. जियालाल मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याची मान खाली गेली. अंगठा फळीवर फिरायला लागला. बोटं पदर शोधायला लागली.

"लाजू नको वो जियाबाई, बोल," मागून बोदलकश्याचा कोणीतरी म्हणाला. गोदामभर हशा.

त्याचे कान लाल झाले. मी पडद्याच्या फटीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता नाही बोललास तर मी खरंच देवरीला जाईन. रोज बसने जाईन, बसने येईन, आणि तुला कधी माफ करणार नाही.

त्याची बोटं थांबली. त्याने मान वर केली. समोर छोटेलालजी होते, पण तो त्यांच्याकडे वळलाच नाही. तो तिसऱ्या रांगेकडे बघत होता.

"मी तुमची मुलगी मागायला आलो आहे."

आवाज असा, की मी त्याच्याकडून तो तोवर ऐकला नव्हता. खालचा, साधा, एका जागी उभा असलेला. आणि टाळ्यांचा कडकडाट. पहिला जोर ज्यांनी लावला ते माझे बाबूजी. मायला कोपराने ढोसत ते म्हणत होते, "पाय, पाय, जियाबाई गड्याचं सोंग बी किती झकास घेते."

तेव्हा माझा बांध फुटला. मी पडदा बाजूला सारला आणि बांध मोजत चालतात तशी चालत मंचाच्या कडेला आले.

"बाबूजी, टाळ्या कायले वाजवून राहिले? हे नाटकातलं नाही."

टाळ्या बंद पडल्या. पत्र्यावर चिमण्या चालल्याचं ऐकू आलं. कोणीतरी शिंकलं.

छोटेलालजी खुर्चीतून अर्धे उठले. "मग मी... बसू का जाऊ?"

दुसऱ्या रांगेत टेकचंद उठून उभा राहिला. त्याने मागे वळून बाबूजींना हात जोडले. "काकाजी, आमच्या उत्तराची आता गरज दिसत नाही. पण नाटक पूर्ण पाहून जातो. पुढं काय होते ते पाहाचं आहे." आणि सारखे दात दाखवून हसत खाली बसला. माणूस खरंच बरा होता. मी त्याच्यावर उगाच चिडले होते.

पडदा पडल्यावर मागच्या खोलीत बाबूजी आले. जिथे जियालाल मला पहिल्यांदा रडताना सापडला होता तीच खोली. त्यांच्या मागे माय, तोंडाला पदर लावून.

"तुले मी पोरगी समजून घरात घेतलं," बाबूजी म्हणाले.

"मी कधी तसं म्हटलं नाही, काकाजी."

"म्हटलं नाही, पन पापड तं लाटले." ते खुर्ची ओढून बसले. "मले एक समजावून सांगा. आपल्यात पोरावाले मागाले येतात अन् पोरीवाले हो म्हणतात. इथं माझी पोरगी भर सभेत येऊन बोलली, अन् पोरगा माझ्या रांधणीत बसते. तं या सौद्यात पोरावाले कोन?"

मी उत्तर देणार होते. जियालालने हात आडवा केला.

"मी, काकाजी. माझे बाबूजी इतवारी येतील. मागाले."

बाबूजींनी त्याचा हात धरला, तळवा उलटा केला आणि अंगठ्याने चोळून पाहिला. पोत्यांचे घट्टे अजून होते. मग ते मायकडे बघून पुटपुटले, "हात तं गड्याचाच आहे वो. इतके दिवस आपन कुठं पाहून राहिलो होतो?"

मी म्हटलं, "हेच मीही विचारून राहिले."

फाल्गुनात आमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. जियालाल फेटा बांधून ओसरीवर वडीलमाणसांत ताठ बसला होता, आणि आत माय चुलीपाशी एकटी होती. होणारा जावई, त्याला आता मधला उंबरा बंद. माय एक पापड भाजायची आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघायची. एकदा तर "अवो, ऐकलं का, मामीच्या सुनेनं..." म्हणून तोंड उघडलं आणि तिथेच थांबली.

"मावशी," बाहेरून हाक आली, सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यांवरून, "पापड जळून राहिला."

मायने पापड चुलीत टाकला आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. "एक पोरगी देऊन राहिलो म्हणत होतो," ती हुंदक्यांतून म्हणाली. "दोन्ही चालल्या माझ्या."

मी कवाडाशी उभी होते. ओसरीवर पाहिलं. फेटेवाल्या नवरदेवाने एक लांब श्वास घेतला... मग काहीच नाही... आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. सगळे पाहुणे सुपारी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. बाबूजींनी कपाळाला हात लावला.

मी उंबरा ओलांडून सरळ पुरुषांच्या बैठकीत गेले आणि त्याच्यासमोर हात पसरला.

"रुमाल काढ माझा. धुतला असशील तर."

त्याने अंगरख्याच्या आतल्या खिशातून काढला. निळी वेल फिकी झाली होती, घडी मात्र कोरी होती. मी त्याचे डोळे पुसले, आणि नाक त्याचं त्याला पुसायला लावलं.

"या वेळी मधचा श्वास बराबर होता," मी म्हटलं.